भटूसरांचा सर्वांत गाजलेला पेपर

डॉ. भटू वना बडगुजर यांनी दारावरची पाटी मुलाखतीच्या आधीच करून घेतली. सागाची फळी, त्यावर पितळी अक्षरं, आणि अक्षरांची सुरुवात 'प्रोफेसर'पासून. जळगावच्या कारागिराने विचारलं, "सर, झालात का प्रोफेसर?" तर म्हणाले, "झाल्यात जमा आहे. तू ठोक अक्षरं."

पाटी घरी आली आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर चढली. सरांची बायको कोकिळाबाई पापडाचा डबा काढायला स्टुलावर उभी राहिली की सर आतून ओरडत, "पाटीला धक्का नको!"

"पाटी आहे की गणपतीची मूर्ती?" ती विचारी आणि मुद्दाम डबा आपटी.

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, कारण चोपड्यात भटूसरांना सगळे पहिल्या दिवसापासून प्रोफेसरच म्हणत. दूधवाला म्हणे, केळीचे व्यापारी म्हणत, भाऊबंदांच्या लग्नपत्रिकांत तसं छापूनही येई. पण कॉलेजच्या दप्तरी ते वनस्पतिशास्त्राचे 'सहयोगी प्राध्यापक' होते आणि वर्षानुवर्षं सहयोगीच राहिले होते. त्यांच्याच खोलीत वसतिगृहात राहिलेला, त्यांच्याच वह्या उतरवून पास झालेला नवल मात्र धुळ्यात प्रोफेसर होऊन बसला होता. सरांची निवृत्ती उन्हाळ्यात होती. त्याआधी हा 'सहयोगी' पुसला गेला नाही, तर निरोपसमारंभाच्या शालीपासून श्रद्धांजलीच्या फलकापर्यंत तो आपला पिच्छा सोडणार नाही, अशी धास्ती त्यांनी घेतली होती.

माणूस वाईट नव्हता. तास बुडवत नसे. पोरांना सातपुड्याच्या पायथ्याशी नेऊन पानं ओळखायला शिकवी, आणि नापास होणाऱ्याला दोन-चार मार्क घालून वर काढी. पण 'संशोधन' हा शब्द आला की त्याच्या अंगात दुसराच माणूस शिरे.

संशोधनाच्या धंद्यातली गोष्ट साधी आहे. तुम्ही पेपर लिहिता, त्यात दुसऱ्याच्या पेपराचा दाखला देता, की 'अमक्याने असं म्हटलं आहे'. दुसऱ्याच्या नावावर एक दाखला जमा होतो. ज्याचे दाखले जास्त तो मोठा. दाखला कौतुकाने दिला, शिवी घालायला दिला की उपकार फेडायला दिला, हे संगणक विचारत नाही. तो मोजतो आणि गप्प बसतो.

खानदेशात लग्नाला गेलेल्या पुरुषमाणसाला टॉवेल-टोपी मिळते. ती टोपी कोणी घालत नाही, तो टॉवेल कोणी ओला करत नाही. घडी न मोडता तो पुढच्या लग्नात पुढच्या पाहुण्याच्या हातात जातो, तिथून त्याच्या पुढच्या. मान मात्र प्रत्येकाचा होतो. भटूसरांच्या 'तापी-सातपुडा संशोधक मंडळा'त दाखले असेच फिरत. घडी कोणी मोडत नसे.

मंडळाची सभा वर्षातून एकदा, थंडीत, भरीत पार्टीला. कोणाच्या तरी वावरात तुराट्या पेटवायच्या, हिरवी लांब वांगी त्यात भाजायची, बडगीत, म्हणजे खोलगट लाकडी काठवटीत, मिरची-लसूण घालून ठेचायची, आणि केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुरीबरोबर हाणायची. वांगी भाजेपर्यंतचा वेळ संशोधनाचा. "नवल, तुझ्या कापसाच्या पेपरात मला दोनदा घे." "घेतो, पण तू माझा ज्वारीचा घे." "नासीर, तुझं रसायनशास्त्र आहे, तुला केळी कशी चालेल?" "क्यूं नहीं? केळीत रसायनं नसतात का?" वांग्याची सालं काढेपर्यंत साऱ्या वर्षाचे दाखले वाटून होत.

या व्यवहाराला सरांनी झेंडा लावला, ही त्यांची खरी कामगिरी. धुळ्याच्या एका चर्चासत्रात ते उभे राहिले आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "अमेरिकावाला अमेरिकावाल्याचं नाव घेतो. चिनी माणूस चिन्याचं घेतो. आपणच तेवढे परक्यांची नावं जपत बसलोय! मित्रांनो, देशाचा दाखला देशातच राहिला पाहिजे!" टाळ्या पडल्या. पुढे हिशोब आपोआप लागला. देशाचा म्हणजे राज्याचा, राज्याचा म्हणजे खानदेशाचा, खानदेशाचा म्हणजे मंडळाचा, आणि मंडळात पहिलं नाव भटूसरांचं. देशप्रेम इतकं घरपोच क्वचितच मिळतं. आयोजकांनी त्यांचा सत्कार केला. कशाने, ते सांगायला नको. टोपी अजून कपाटात आहे, घडीसकट.

सरांच्या नावावर बरेच पेपर होते. पण संगणकाच्या मते त्यातला सर्वांत थोर एकच: 'केळीच्या खोडाचा रस आणि करपा रोग'. जो तो त्याचा दाखला देई. बाकीचे सगळे मिळून त्याच्या निम्म्यालाही येत नव्हते. प्रोफेसरपदाचा सगळा डोलारा त्या एका पेपरावर उभा होता.

आणि तो पेपर सरांनी लिहिलेला नव्हता.

चोरलेलाही नव्हता. तो नव्हताच. फार वर्षांपूर्वी एका भरीत पार्टीत नवल आपला लेख पुरा करत होता आणि त्याला एक स्थानिक दाखला कमी पडत होता. भटूसर पुरी मोडता मोडता म्हणाले, "लिही माझं नाव. केळीच्या रसावर मी लिहितोच आहे, दिवाळीपर्यंत छापून येतो." नवलने लिहिलं, पुढे 'छपाईत' असा शेरा मारला. दिवाळी आली, फराळ झाला, लेख राहिला. मग नासीरने नवलचं बघून उतरवलं. 'छपाईत' बरं दिसेना म्हणून त्याने साल टाकलं. तिसऱ्याला त्याच्या संपादकाने पेपर परत पाठवला, दाखल्याला पान क्रमांक नाहीत म्हणून. त्याने पान क्रमांक घातले. कोणी तरी नियतकालिकाचं नावही चिकटवलं, आणि ते असं निवडलं की त्रैमासिक कधीच बंद पडलेलं आणि त्याचे संपादक देवाघरी गेलेले. लेकराला हळूहळू हात-पाय फुटावेत तसा हा पेपर वाढला. भटूसरांनी त्याला आडकाठी केली नाही. आपलं लेकरू दुसऱ्यांच्या घरी वाढतंय, जेवतंय, नाव काढतंय, तर बापाने ओरडायचं कशाला?

मुलाखतीला आठवडा उरला असताना निवड समितीच्या कार्यालयातून फोन आला. "सर, जास्त दाखले मिळालेल्या पेपरांच्या मूळ प्रती बरोबर आणा. बाहेरगावच्या तज्ज्ञ बाई आहेत समितीवर, त्यांना केळीचा पेपर खास बघायचा आहे."

सरांनी फोन ठेवला आणि आधी कपाटाकडे पाहिलं.

सकाळी ते नशिराबादला नासीर शेखांच्या दारात हजर. नासीर जळगावला रसायनशास्त्र शिकवायचे. बोलणं अत्तरासारखं, कोणालाही खूश करणारं.

"तुमचा केळीचा पेपर? वाचलाय ना! दोनदा वाचलाय. काय भाषा, भटूसर!"

"मग प्रत दे."

"प्रत..." नासीरभाईंनी छताकडे पाहिलं. "गेल्या पावसाळ्यात कपाटात पाणी शिरलं ना, त्यात सगळं..."

"नासीर, तो मी लिहिलाच नाही."

नासीरभाईंनी कप बशीत ठेवला. "असं कसं? मग मी वाचलं ते काय?"

आतून त्यांच्या बायकोचा, ताजबीचा, आवाज आला, "भाईसाब, ये तो लाइट का बिल भी नहीं पढते, तुम्हारा पेपर क्या पढेंगे!"

भटूसर तसेच एसटीने धुळ्याला गेले. नवलने त्यांना आपल्या केबिनमध्ये बसवलं. दारावर पाटी होती. सरांनी ती आत जाताना वाचली आणि बाहेर पडतानाही वाचली.

"भटूभाऊ, घाबरतोस काय?" नवल म्हणाला. "समितीवर मी आहे. अध्यक्ष कोण, तर आपले प्रेमराज आबा."

प्रेमराज आबा म्हणजे मंडळाचे संस्थापक, माजी प्राचार्य. भरितात तेल कमी पडलं तर रुसणारे.

"पण त्या बाई?"

"त्यांच्यासाठी पेपर आता लिही! नाव आहे, साल आहे, पानं आहेत, निष्कर्ष आम्ही सगळ्यांनी लिहून ठेवलाय. घर बांधून तयार आहे, तू नुसता राहायला जा. जुना दिसेल असा कागद मी बघतो."

सरांना हे पटलं. पटलं म्हणजे, परतीच्या बसमध्ये अमळनेरपर्यंत नाही पटलं आणि पुढे पटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मंडळातल्या सगळ्यांचे पेपर पलंगावर मांडले. निष्कर्ष काय द्यायचा तेवढा बघायचा होता. आणि आयुष्यात पहिल्यांदाच भटूसरांनी आपल्या मित्रांचे पेपर वाचले.

नवलने लिहिलं होतं: खोडाचा रस फवारला की करपा थांबतो, असं बडगुजर यांनी सिद्ध केलं आहे. बरं. नासीरने लिहिलं होतं: रसाचा करप्यावर काडीचाही परिणाम होत नाही, असं बडगुजर यांनी निर्विवाद दाखवलं आहे. सरांनी चष्मा पुसला. प्रेमराज आबांनी लिहिलं होतं: रस फवारल्यास करपा वाढतो, हा बडगुजर यांचा इशारा शेतकऱ्यांनी गांभीर्याने घ्यावा. त्यापुढच्या पेपरात तर केळीच नव्हती. बडगुजर यांच्या पपईवरील कार्याला वंदन करून त्याने सुरुवात केली होती.

ज्याला जे हवं ते प्रत्येकाने सरांच्या तोंडी घातलं होतं, आणि सर मान डोलावत राहिले होते. आता असा पेपर लिहायचा की ज्यात करपा थांबतो, वाढतो, आणि जिथल्या तिथे राहतो! कागदाला शाईचा एक ठिपका लागला, त्यापुढे पेन हललं नाही.

कोकिळाबाई चहा घेऊन आली. ती शिरपूरकडची, रागावली किंवा मजा वाटली की थेट अहिराणीवर येई. पलंगभर पसारा आणि मध्ये डोकं धरून बसलेला नवरा बघून तिने विचारलं, "काय व्हयनं?"

सरांनी सगळं सांगितलं. सांगायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

ती ऐकून घेत पलंगाच्या कडेवर बसली. मग हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. "बठ्ठास्नी वाचं, नि तुम्ही लिखंच नही?"

"हसू नकोस. माझी इज्जत जाते आहे."

"इज्जत कशाची जाते? तुमची सगळ्यांची एकच टोपी. ती फिरून फिरून आता तुमच्याच दारात आली, आणि कोणी तरी म्हणतंय, घालून दाखवा. एवढंच झालंय." तिने चहाचा कप पपईच्या पेपरावर ठेवला आणि गेली.

मुलाखतीला सर जळगावला गेले ते रिकामी फाइल घेऊन. नवा कोट घातला होता. कोटाला बगलेत घाम आला होता.

मध्ये प्रेमराज आबा, उजवीकडे नवल, डावीकडे त्या बाई. बाई साध्या सुती साडीतल्या, केस पांढरे, समोर पाण्याचा ग्लास आणि एक पेन्सिल. आबांनी गोड सुरुवात केली. "बडगुजरांचं कार्य आम्ही जाणतोच. देशी संदर्भांची चळवळ यांनीच उभी केली."

"हो, ऐकलंय," बाई म्हणाल्या. "केळीचा पेपर आणलात?"

"मॅडम, प्रत जरा... दुर्मीळ आहे."

"ते मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला मेल केली होती. तुम्ही उत्तर दिलंत, 'पाठवतो.' मी वाट बघतेय."

नवल खोकला. "मॅडम, अभिजात पेपर आहे. मी स्वतः अनेकदा वापरलाय."

"उत्तम. मग प्रत राहू द्या." बाईंनी पेन्सिल उचलली. "सर, तुम्हीच सांगा. निष्कर्ष काय होता? रसाने करपा थांबतो की नाही?"

प्रश्न सोपा होता. पहिल्या वर्षाच्या पोराला विचारावा इतका सोपा. सरांनी तोंड उघडलं आणि नवलकडे पाहिलं. नवल डोळ्यांनी सांगत होता, थांबतो म्हण, थांबतो. सर 'थां' म्हणणार इतक्यात आबांच्या भुवया दिसल्या. आबांनी वाढतो म्हणून छापलं होतं, आणि त्या एका वाक्यावर शेतकरी मेळाव्यांतून वर्षभर भाषणं ठोकली होती. थांबतो म्हणावं तर आबा खोटे पडतात. वाढतो म्हणावं तर नवल. काहीच होत नाही म्हणावं तर दोघंही, आणि वर नासीर खरा ठरतो, जे दोघांनाही सहन झालं नसतं. आयुष्यभर भटूसरांनी सगळ्यांना राजी ठेवलं होतं. आता एक शब्द बोलायचा होता, आणि कोणीही दुखावणार नाही असा शब्द या खोलीत एकच शिल्लक होता.

"मॅडम," भटूसर म्हणाले, "तो पेपर मी लिहिलेला नाही."

यात सचोटी वगैरे शोधू नये. कोपऱ्यात सापडलेला माणूस जो दरवाजा उघडा दिसेल त्यातून बाहेर पडतो. भटूसरांना खऱ्याचा दरवाजा उघडा दिसला.

"म्हणजे सहलेखकाने लिहिला?" आबांनी घाईने विचारलं.

"कोणीच नाही लिहिला, आबा. तुम्हाला माहीत नाही का?"

आबांना माहीत नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. नवल पंख्याकडे बघू लागला. बाई मात्र खुर्चीत मागे रेलल्या आणि इतक्या मोकळ्या हसल्या की दाराबाहेरच्या शिपायाने आत डोकावून पाहिलं.

"नोंद करा ना मग," त्या आबांना म्हणाल्या. "पेपर अस्तित्वात नाही."

आबांनी पेन उचललं. पेन कागदाच्या वर थांबलं. पेपर अस्तित्वात नाही असं लिहायचं, तर न लिहिलेल्या पेपरातला इशारा शेतकऱ्यांना देणारे प्रेमराज आबा कोण? त्याच दाखल्यावर प्रोफेसर झालेला नवल कोण? आणि मंडळातले बाकीचे? चहा मागवला गेला. भटूसरांना बाहेर बसवलं. आतून आवाज चढत होते आणि उतरत होते. बाईंचं एकच वाक्य स्पष्ट ऐकू आलं: "तुमची सोय लिहा, माझी असहमती त्याखाली लिहा."

शेवटी सरांना आत बोलावून आबांनी निर्णय वाचला. उमेदवाराने मूळ प्रत सादर केल्यावर मुलाखत पुढे घेण्यात येईल. तोपर्यंत प्रकरण स्थगित.

"आबा, प्रत कुठून आणू?"

"शोधा," आबा त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "संशोधक आहात."

उन्हाळ्यात भटूसर निवृत्त झाले. सहयोगी. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि आबांच्या हस्ते टॉवेल-टोपी. पाटी कपाटावर तशीच राहिली. सरांनी ओरडणं सोडलं तशी कोकिळाबाईने डबा आपटणंही सोडलं होतं.

थंडीत पार्टी सरांच्याच वावरात ठरली. त्यांची पाळी होती, आणि पाळी चुकवायची पद्धत मंडळात नाही. माणसं जास्त आली, सुऱ्या-फळ्या कमी पडल्या. कोकिळाबाई घरून सामान घेऊन आली तेव्हा काखेत वर्तमानपत्राचं एक गाठोडं होतं. तिने कागद फाडला, सागाची फळी उलटी करून बांधावर ठेवली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर मिरच्या चिरायला घेतल्या. सरांनी पाहिलं. नवलनेही पाहिलं. फळी चांगली होती, हलत नव्हती.

तुराट्यांचा जाळ बसला तशी कामाची बोलणी सुरू झाली. "नवल, मला कापसात घे." "नासीर, तू यंदा..." मंडळात यंदा नवी आलेली दिपमाला महाले, नुकतीच पीएच.डी. झालेली, धुराने डोळे चोळत भटूसरांच्या शेजारी येऊन बसली.

"सर, तुम्हाला भेटायचंच होतं. तुमच्या केळीच्या पेपरावरून मी माझा विषय घेतला. माझे निकाल तुमच्या निकालांशी तंतोतंत जुळले!"

नवलने ठेचणं थांबवलं. नासीरभाई पानावरची राख फुंकू लागले. इतकी वर्षं अशा वेळी भटूसर जे करत ते त्यांना सवयीने येत होतं: मान किंचित झुकवायची, 'देशाचं काम आहे' म्हणायचं, आणि पुरी पुढे करायची.

त्यांनी पुरी खाली ठेवली. पोरीकडे वळून, खरोखर जाणून घ्यायचं आहे अशा चेहऱ्याने त्यांनी विचारलं, "हो का? मग सांग बरं बाई, काय होतं करप्याचं?"

"सर, म्हणजे... तुम्हीच तर..."

"नाही नाही, तू सांग. तू प्रयोग केलास ना? रस स्वतः फवारलास? पानं स्वतः मोजलीस?"

दिपमालाने नवलकडे पाहिलं, मग नासीरभाईंकडे. कोणी मदतीला येईना. बांधावर सुरी थांबली होती. कोकिळाबाई मान वर करून बघत होती.

"मोजली, सर," ती हळू आवाजात म्हणाली. "पण आकडे जुळत नव्हते. मग मी... जुळवले."

"न जुळलेले ठेवलेस की फेकलेस?"

"आहेत घरी."

"घेऊन ये," भटूसर म्हणाले आणि पुरीचा तुकडा मोडला. "उद्याच ये. मला कधीपासून बघायचंय, माझ्या पेपरात काय आहे ते."